वकिलीतून सभागृहात जाणाऱ्याने मावळंकर का वाचावेत

तालुक्याच्या कोर्टात दिवाणी बाजूची वकिली करणाऱ्या एका तरुण वकिलांचा प्रश्न आहे. विधानसभेला उभं राहण्याबद्दल त्यांना पक्षातून विचारणा झाली आहे. वकिलीचा सभागृहात खरोखर उपयोग होतो का, वकिलीतून तिकडे गेलेल्या कुणाची कारकीर्द अभ्यासावी, आणि निवडून आल्यावर सनदेचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं, काय होतं, असं त्यांनी विचारलं आहे.

मी कायद्याची पदवी घेतली, पण आयुष्य गेलं ते विधिमंडळ सचिवालयात. सभागृहात अध्यक्षांच्या आसनाखाली अधिकाऱ्यांचं टेबल असतं. तिथून बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो आणि त्याच्या हातातले कागदही दिसतात. त्या टेबलावरून जे कळलं त्याच्या आधाराने लिहितो.

वकील आमदार पहिल्या अधिवेशनात बहुधा एकाच पद्धतीने आपटी खातात. लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, चालू असते, मंत्री उत्तर देत असतात आणि हे उठतात, "अध्यक्ष महोदय, माझा हरकतीचा मुद्दा आहे." हातात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन-तीन निवाड्यांच्या झेरॉक्स, महत्त्वाच्या ओळींवर पिवळा मार्कर. पहिल्या निवाड्यातला परिच्छेद वाचून होईस्तोवर समोरच्या बाकांवर गलका सुरू होतो. "तपासून निर्णय देण्यात येईल," एवढं अध्यक्ष म्हणतात आणि पुढची लक्षवेधी पुकारली जाते. कोर्टात न्यायाधीशाला ऐकून घ्यावंच लागतं. सभागृहात कुणाचंही ऐकायची कुणावर सक्ती नाही, आणि हे पचायला चांगल्या वकिलाला सगळ्यात जास्त वेळ लागतो. त्याच दिवशी मागच्या बाकावरचा एखादा शेतकरी आमदार नियम १०५ ची, म्हणजे लक्षवेधीची, सूचना वेळेत देऊन, दालनात पाठपुरावा करून, मंत्र्याकडून तारखेसह आश्वासन काढून घेऊन गेलेला असतो.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की उपयोग होतो, पण वकिलीतल्या कंटाळवाण्या भागाचा होतो. मुदत सांभाळणं, नोटीस बिनचूक लिहिणं, नोंद ठेवणं, जुनी नजीर शोधणं, दुसऱ्या बाजूला बोलू देणं. युक्तिवादाची कला तिथे चौथ्या-पाचव्या क्रमांकावर येते.

कारकीर्द कुणाची अभ्यासावी म्हटलं की महाराष्ट्रात पहिलं नाव बाबासाहेबांचं येतं आणि ते बरोबरच आहे. पण ते एवढं मोठं प्रकरण आहे की त्यातून हातोटी वेगळी काढून शिकणं नवख्याला जमत नाही. मी नेहमी गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळंकरांचं नाव सुचवतो. लोकसभेचे पहिले अध्यक्ष, यापलीकडे आपल्याकडे त्यांच्याविषयी फारसं कुणाला ठाऊक नसतं. गंमत अशी की आपल्या नेमबाज मुलामुलींच्या तोंडी "मावळंकर स्पर्धा" रोज असते. राष्ट्रीय रायफल असोसिएशन १९५१ मध्ये स्थापन झाली तेव्हा हे तिचे पहिले अध्यक्ष होते, त्यावरून ते नाव. वकील मंडळींना मात्र हा माणूस आपला वाटत नाही.

घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वराकडच्या मावळंग्याचं. जन्म २७ नोव्हेंबर १८८८ चा, बडोद्यातला. सुरुवातीचं शिक्षण काही काळ राजापुरात झालं, १९०२ मध्ये ते अहमदाबादला आले आणि तिथलेच झाले. गुजरात कॉलेजातून १९०८ मध्ये बी.ए., मुंबईच्या सरकारी लॉ स्कूलमधून १९१२ मध्ये वकिलीची परीक्षा पहिल्या वर्गात, आणि १९१३ पासून अहमदाबादेत वकिली. त्याच वर्षी विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले वल्लभभाई पटेल त्याच शहरात वकिली थाटत होते. गुजरात क्लबमध्ये दोघांचं उठणंबसणं, पत्त्यांचा डाव. गांधीजी क्लबात आले तेव्हा मावळंकर ऐकायला उठले आणि वल्लभभाईंनी टोमणा मारला, की ते तुम्हाला गव्हातले खडे वेचता येतात का म्हणून विचारतील, अशी आठवण सांगितली जाते. पुढे दोघेही त्याच माणसामागे गेले.

तुमच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातला पहिला महत्त्वाचा टप्पा म्हणजे १९१८ चा खेडा सत्याग्रह. मावळंकर तेव्हा गुजरात सभेचे चिटणीस होते. भांडण कशावर होतं? आणेवारीवर, म्हणजे सोळा आणे पूर्ण पीक धरून काढलेल्या पिकाच्या अंदाजावर. पीक चार आण्यांच्या खाली असेल तर त्या वर्षीची सारावसुली पूर्ण तहकूब करायची, असा नियम सरकारचाच होता. सरकारी कागदावर पीक चार आण्यांच्या वर होतं, शेतात ते नव्हतं. मग गावोगाव जाऊन शेतकऱ्यांचे जबाब घेणं, पिकाचा अंदाज बांधणं, अर्ज लिहिणं, नियमावर बोट ठेवून पुन्हा अर्ज लिहिणं, हे काम सुरू झालं. ज्याने दिवाणी दाव्यात पुरावा जमवला आहे त्याला हे काम सांगावं लागत नाही. आपल्या विधानसभेत आजही दुष्काळी अधिवेशनात अर्धा वेळ आणेवारी आणि पैसेवारीवरच जातो. जो आमदार आपल्या मंडळातल्या पीककापणी प्रयोगांचे आकडे घेऊन येतो त्याला मंत्री टाळू शकत नाहीत. बाकीच्यांना "वस्तुस्थिती तपासून" हे उत्तर मिळतं.

असहकारात त्यांनी वकिली थांबवली. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसच्या स्वागत समितीचं चिटणीसपद सांभाळलं. मध्यंतरी स्वराज पक्षाकडे झुकले आणि परत आले. तुरुंगवास अनेकदा झाला. हा भाग इतर नेत्यांसारखाच असल्याने त्यावर थांबत नाही. पण १९१९ ते १९३७ हा त्यांचा अहमदाबाद नगरपालिकेतला काळ नीट बघा. सभासद, मग दोनदा अध्यक्ष. गटार, पाणी, घरपट्टी, ठेकेदाराचं बिल, आणि प्रत्येक ठरावाला सूचक-अनुमोदक. माझ्या पाहण्यात जे उत्तम विधिमंडळपटू झाले त्यांतले बरेचसे नगरपालिका किंवा जिल्हा परिषदेतून आलेले होते. ठराव कसा मांडतात, दुरुस्ती कशी देतात, मतदान कधी मागतात, हे तिथे अंगात मुरतं. तुम्ही अजून नगरपरिषदही लढवली नसेल तर थेट विधानसभेची घाई का, हे स्वतःला विचारा. पक्षाला विचारू नका.

१९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या १७५ जणांच्या विधानसभेत ते निवडून आले आणि थेट अध्यक्ष झाले. त्या सभागृहात कोण कोण होते ते पाहा. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर स्वतः सॉलिसिटर, गृहमंत्री कन्हैयालाल मुन्शी हायकोर्टातले नावाजलेले वकील, विरोधी बाजूला बॅरिस्टर जमनादास मेहता आणि बॅरिस्टर आंबेडकर. त्या वर्षीच्या सप्टेंबरात पुण्याच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी खोतीपद्धत नष्ट करण्याचं विधेयक मांडलं ते याच सभागृहात, मावळंकर आसनावर असताना. पुढच्या वर्षी औद्योगिक कलह विधेयकावर तर अशी जुंपली की ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत कामगारांचा संप झाला. एवढ्या वकिलांना एका छपराखाली आवरायचं म्हणजे त्यांच्याहून चांगला वकील असून भागत नाही. प्रत्येकाला वाटलं पाहिजे की आपल्याला बोलायला मिळालं, निर्णय विरुद्ध गेला तरी. १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि सभागृहाच्या बैठका थांबल्या.

१९४६ च्या जानेवारीत दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. सरकारचा पाठिंबा सर कावसजी जहांगीर यांना होता, काँग्रेसचे उमेदवार मावळंकर. निकाल ६६ विरुद्ध ६३. तीन मतांनी निवडून आलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, की समोर बसलेल्या अर्ध्या सभागृहाने आपल्याला नाकारलं आहे. त्यांच्या पुढच्या वागण्यावर या आकड्याचा परिणाम झाला असावा असं मला नेहमी वाटतं.

१५ ऑगस्ट १९४७ ला ते जुनं कायदेमंडळच संपलं आणि एक खास वकिली पेच उभा राहिला. संविधान सभेने घटनाही करायची आणि रोजचे कायदेही करायचे. मग दोन्ही कामं एकाच बैठकीत, एकाच अध्यक्षाखाली चालवायची का? या प्रश्नावर समिती नेमली ती मावळंकरांच्या अध्यक्षतेखाली. तिने सरळ तोड काढली. सभा एकच, पण कामं वेगळी, दिवस वेगळे, आणि कायदेमंडळ म्हणून बसताना वेगळा अध्यक्ष. घटनेचं काम राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली चालू राहिलं आणि १७ नोव्हेंबर १९४७ ला दुसऱ्या आसनावर मावळंकर निवडले गेले.

१५ मे १९५२ ला पहिल्या लोकसभेने अध्यक्ष निवडला. नेहरूंनी मावळंकरांचं नाव मांडलं. विरोधकांनी शंकरराव मोऱ्यांना उभं केलं, आपल्या सोलापूरचे शेतकरी कामगार पक्षाचे खासदार. मतं ३९४ विरुद्ध ५५. दोन्ही उमेदवार मराठी घरातले होते, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

आता मुद्द्याचं, म्हणजे आसनावर बसून त्यांनी वकिली कशी वापरली. तीन प्रकरणं सांगतो, पैकी पहिलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

हुच्चेश्वर मुदगल हे पहिल्या निवडणुकीआधीच्या हंगामी संसदेतले मुंबईचे सदस्य. मुंबईच्या बुलियन असोसिएशनकडून, म्हणजे सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून, पैसे घेऊन संसदेत त्यांच्या सोयीचे प्रश्न विचारायचे आणि दुरुस्त्या मांडायच्या, असा त्यांच्यावर आरोप आला. जून १९५१ मध्ये नेहरूंनी स्वतः चौकशी समितीचा प्रस्ताव मांडला. ही समिती कशी चालली ते पाहा. मुदगलांना वकील देण्याची मुभा होती, साक्षीदारांची उलटतपासणी घेता येत होती, स्वतःचा पुरावा मांडता येत होता, आणि समितीच्या मदतीला ॲटर्नी जनरल होते. अहवाल विरुद्ध गेला. सभागृहात हकालपट्टीची चर्चा झाली तेव्हाही त्यांना बोलू दिलं. शेवटी सप्टेंबरात त्यांनी राजीनामा दिला, तर सभागृहाने राजीनाम्याच्या आडून निसटण्याच्या प्रयत्नाचीही निंदा नोंदवून ठेवली. प्रस्ताव पंतप्रधानांचा, बहुमत प्रचंड, आरोपी एकटा, आणि तरी सगळे सोपस्कार पूर्ण. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेण्याच्या प्रकरणात अकरा खासदार गेले. चित्रफीत १२ तारखेला दाखवली गेली आणि २३ तारखेला हकालपट्टी झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सभागृहाचा तो अधिकार मान्य केला, त्याबद्दल वाद नाही. पण दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचलेत तर नैसर्गिक न्याय सभागृहात कसा दिसतो आणि घाईत त्याचं काय होतं, हे तुम्हाला कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरं प्रकरण अध्यादेशांचं. अधिवेशन तोंडावर असताना सरकारने अध्यादेश काढले की मावळंकर अस्वस्थ व्हायचे. हा माणूस काँग्रेसचा, पंतप्रधानांच्या विश्वासातला, तरी १९५० मध्ये संसदीय कामकाज मंत्र्यांना आणि १९५४ मध्ये खुद्द नेहरूंना त्यांनी लेखी कळवलं, की अत्यंत निकड असल्याशिवाय अध्यादेश काढणं लोकशाहीला धरून नाही आणि आज तुम्ही पाडाल तो पायंडा उद्याची सरकारं गिरवतील. सरकारचं म्हणणं, संसदेला वेळ लागतो. पत्रांनी अध्यादेश थांबले नाहीत. पण अध्यादेशाच्या जागी विधेयक येतं तेव्हा तातडी कशासाठी होती याचं निवेदन सोबत जोडावं लागतं, हा नियम लोकसभेच्या नियमावलीत आज आहे. ज्याला आमदार म्हणून काम करायचंय त्याने असं निवेदन मिळालं की विधेयकाआधी ते वाचावं. बहुतेक वेळा तातडीचं कारण एका परिच्छेदात गुंडाळलेलं असतं आणि मंत्र्यांची खरी अडचण त्याच परिच्छेदात सापडते.

तिसरं, अर्थविधेयकाचा, म्हणजे मनी बिलाचा तंटा. अशा विधेयकावर राज्यसभेला फक्त शिफारशी करता येतात. १९५३ मध्ये प्राप्तिकर दुरुस्ती विधेयकावर मावळंकरांनी ते अर्थविधेयक असल्याचं प्रमाणपत्र दिलं होतं. वरच्या सभागृहात शंका निघाली, की अध्यक्षांनी यावर नीट विचार केला आहे का? कायदामंत्री चारुचंद्र बिस्वास तिथे सभागृहनेते होते, आणि आधी कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश. ते जे बोलले त्याने लोकसभा खवळली, तिने त्यांना हजर राहायला सांगितलं, तर वरच्या सभागृहाने जाऊ नका म्हणून ठरवलं. नेहरूंना मध्ये पडून निवेदन करावं लागलं. घटनेच्या ११०व्या अनुच्छेदात अध्यक्षांचा निर्णय अंतिम आहे एवढं लिहिलं आहे, आणि मावळंकर त्या एका वाक्यावर ठाम राहिले. आधार कायद्यानंतर हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. तुम्ही त्या तारखा पाहत असालच.

याच माणसाने कायद्याच्या एका प्रश्नावर मात्र निर्णय द्यायचा नाही, ही जुनी प्रथा काटेकोर पाळली. विधेयक घटनाबाह्य आहे अशी हरकत आली की त्यावर चर्चा होऊ द्यायची, पण अध्यक्षाने निवाडा करायचा नाही. ते सभागृहाने मतदानात आणि नंतर न्यायालयाने ठरवावं. मुरलेल्या वकिलाला आसनावर बसून हा मोह टाळणं किती अवघड जात असेल, याची कल्पना तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येईल. तुम्ही सदस्य म्हणून अशी हरकत घ्याल तेव्हा ती दोन मिनिटांत घ्या. नोंद होते, पुढे रिट याचिकेत कामी येते, तेवढंच तिचं काम.

मावळंकरांचं सगळंच मला पटतं असं समजू नका. दोन गोष्टी खटकतात. ब्रिटिश काळात तहकुबी सूचना, म्हणजे ठरलेलं कामकाज थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा मागणं, हे सरकारला कोंडीत पकडण्याचं हत्यार होतं. स्वराज्यात सरकार लोकांचंच, प्रश्न विचारायला इतर वाटा आहेत, म्हणून तहकुबी अगदी अपवाद, असं त्यांनी मार्च १९५० मध्ये ठरवलं. तर्क बिनतोड आहे, पण परिणाम असा झाला की विरोधकांचं धारदार हत्यार बोथट झालं. आपल्याकडे नियम ९७ ची स्थगन सूचना, म्हणजे तीच तहकुबी, रोज सकाळी येते आणि रोज दालनातच नाकारली जाते. ती मंजूर व्हावी म्हणून आजकाल कुणी देतच नाही, नाकारल्यावर बोलता यावं म्हणून देतात. दुसरी गोष्ट, सभागृहाच्या एक-दशांश सदस्य असल्याशिवाय पक्ष म्हणून मान्यता नाही, हा त्यांचा दंडक. पहिल्या लोकसभेत कम्युनिस्ट सर्वांत मोठा विरोधी गट, आणि निवडून आले होते सोळा. त्यामुळे १९६९ पर्यंत लोकसभेला मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेताच नव्हता. कामकाजाच्या सोयीसाठी आखलेली रेषा पुढे सत्ताधाऱ्यांच्या फार उपयोगी पडली. दिल्लीत २०१४ ला पडली आणि महाराष्ट्रात २०२४ च्या निकालानंतरही तिच्यावरूनच वाद झाला.

विरोधकांचा रागही त्यांनी पाहिला. १८ डिसेंबर १९५४ ला त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत आला, अध्यक्षाविरुद्धचा तिथला पहिलाच. तहकुबी नाकारतात, पक्षपात करतात, हे आरोप. मावळंकर आसनावर नव्हते. उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार, तेही पेशाने वकीलच, कामकाज चालवत होते. नेहरूंनी आपल्या सदस्यांना सांगितलं की पक्षादेश नाही, प्रत्येकाने मनाला पटेल तसं मत द्यावं. ठराव फेटाळला गेला. हा वादविवाद संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात मोफत वाचायला मिळतो. आधी विरोधकांची भाषणं वाचा, मग नेहरूंचं. आरोपांची मांडणी कुठे ढिली पडली ते दिवाणी वकिलाच्या नजरेला लगेच दिसेल.

आणि समित्या. शासकीय आश्वासन समिती आणि दुय्यम विधान समिती या दोन्ही त्यांच्याच काळात, १९५३ मध्ये सुरू झाल्या. निवडून आलात तर पहिल्या वर्षी गटनेत्याकडे या दोहोंपैकी एक मागा. कुणी मागत नाही, त्यामुळे मिळते. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासनं विभागाने पाळली का हे पहिली समिती सचिवांना समोर बसवून विचारते. कायद्याखाली सरकार जे नियम करतं ते कायद्याच्या चौकटीत आहेत का हे दुसरी पाहते. तिथे कॅमेरा नसतो, घोषणा नसतात, आणि उलटतपासणी येणाऱ्या माणसाला अवर सचिवाच्या उत्तरातली फट ताबडतोब सापडते. वकील आमदाराचं खरं मैदान ते आहे. तिथे रमलेले दोन-तीन जण मी जवळून पाहिले. त्यांच्या प्रश्नांच्या याद्या विभाग आधीच मिळवायला धडपडत.

मावळंकर पदावर असतानाच २७ फेब्रुवारी १९५६ ला अहमदाबादेत हृदयविकाराने गेले. त्यांच्या जागी पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या. चिरंजीव पुरुषोत्तम मावळंकर १९७२ मध्ये अपक्ष म्हणून लोकसभेत गेले आणि आणीबाणीविरुद्ध उभे राहिले.

राहिला सनदेचा प्रश्न. आमदार-खासदार हे पूर्णवेळ पगारी नोकर नाहीत, म्हणून त्यांना वकिली करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. पूर्णवेळ पगारी नोकराला वकिलीची मनाई करणारा बार कौन्सिलचा नियम ४९ आड येत नाही. पण ज्या अशिलाचं काम तुमच्याकडे आहे त्याच्याशी संबंधित विषय सभागृहात आला तर आपला हितसंबंध आधी सांगा आणि मगच बोला. अधिवेशनाच्या काळातल्या तारखा कनिष्ठ सहकाऱ्याकडे सोपवा, कारण "साहेब अधिवेशनात आहेत" म्हणून तारखा मागणारा वकील अशिलाच्या मनातून उतरतो, आणि तोच अशील तुमचा मतदारही असतो. मंत्री झालेले वकील सनद तहकूब ठेवतात. तशी वेळ आली तर त्याचं वेगळं लिहीन.